टोकंवाली भागिरथी

शेवगावातल्या त्या गल्लीत भागिरथी नावाच्या दोन बायका राहत. एक पिठाच्या गिरणीची भागिरथी आणि दुसरी टोकंवाली भागिरथी. ही गोष्ट दुसरीची. भिंगारदिव्यांची ती थोरली सून, एसटीच्या आगारात मेकॅनिक असलेल्या आसारामची बायको. 'टोकंवाली' हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं आणि ते कानावर पडलं की तिच्या कपाळाला आठी पडे. नक्षी हिनं काढायची, बायकांना क्रोशाची सुई धरायला हिनं शिकवायचं, आणि नाव काय, तर टोकंवाली!

पण त्याला कारण होतं. नव्वद सालापुढची ती वर्षं. दुपारची भांडी झाली की गल्लीतल्या बायका ओट्यावर क्रोशा घेऊन बसत. टीव्हीवर टाकायचे रुमाल, माठावरची झाकणं, परकराच्या लेसा, दाराची तोरणं, असलं काहीबाही विणत. विणायला सगळ्यांनाच आवडे. साखळी घातली, तिच्यावर खांब उभे केले की बघता बघता फूल तयार. पण फूल झालं तरी दोऱ्याची टोकं लोंबत राहतात, सुरू केलं तिथलं एक आणि संपवलं तिथलं एक. ती उलट्या बाजूनं सुईनं आत ओवून अशी बसवावी लागतात की दिसूही नयेत आणि सुटूही नयेत. ह्या कामात ना नक्षी, ना गंमत. मग बायका विणकाम गुंडाळून भागिरथीच्या दारात यायच्या.

"ताई, झालंच हाय. तेवढी टोकं राहिल्यात."

"झालंच हाय म्हनं!" भागिरथी फणकारायची. "भाकरी थापली आन् म्हनायचं जेवन झालं. तव्यावर कुनी टाकायची, मी?"

असं म्हणायची आणि हातातून विणकाम ओढून घ्यायची. उलटं करून बघायची. मागची गिचमिड बघून तिचा जीव वर-खाली व्हायचा. शिव्या घालत, सुस्कारे टाकत ती स्वतःच टोकं बसवून द्यायची. त्यामुळे तिच्या रागाला कुणी घाबरतच नसे. राग आला म्हणजे काम होणार, हे गल्लीला ठाऊक झालं होतं.

तिची ही खोड लग्नाआधीची. नगरला माहेरी असताना ती मिशनच्या शिवणवर्गात जायची. तिथल्या रूथबाई विणलेली वस्तू हातात घेतली की आधी पालथी करायच्या. सुलट बाजूकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. "लोणचं घातलंस, मुरलं का?" असं विचारायच्या. टोक लपवायचं नाही, मुरवायचं, असा त्यांचा शब्द होता. भागिरथीच्या डोक्यात तो जो बसला तो कायमचा. पुढं लग्न होऊन ती शेवगावला आली, पोरं झाली, सासू साळूबाईची दुखणी काढली, पण कुणाच्या घरी गेली तरी हिचा हात आधी टीव्हीवरच्या रुमालाची मागची बाजू बघायला जायचा. आसारामला लाज वाटायची. "अगं, चहाला बोलवलंय आपल्याला, तपासणीला न्हाई," तो हळूच म्हणायचा.

घरात मात्र तिची खरी परीक्षा घेतली ती धाकट्या जावेनं, वृषालीनं. वृषाली दीर सहादेवची बायको, राहुरीकडची. क्रोशा भागिरथीनंच तिला शिकवला आणि वर्षभरात ती गुरूच्या पुढं गेली. बोलता बोलता, हसता हसता, रेडिओवरच्या गाण्यावर मान डोलवत तिची सुई चालायची. एखाद्या साडीच्या काठावरचा मोर बघितला की घरी येऊन न मोजता तो दोऱ्यात उतरवायची. पण शेवटचा खांब घातला की तिचा त्या फुलातला रस संपला. कात्रीनं कच्चकन दोरा कापायचा आणि फूल टोपलीत फेकायचं. टोक ठेवलं तर बोटाच्या पेराएवढं. सुईत ओवायचं कसं, ती भागिरथीची डोकेदुखी.

"वीतभर ठिव गं, वीतभर! किती येळा सांगू?"

"व्हय ताई," वृषाली म्हणायची आणि पुढचं फूल तसंच कापायची.

अशात भागिरथीच्या मुलीचं, भारतीचं लग्न ठरलं. मुलगा काष्टीचा, प्रशांत नावाचा, दौंडला रेल्वेत कामाला. लग्न मे महिन्यात, बौद्ध पद्धतीनं, गल्लीच्या टोकाला असलेल्या विहारासमोर मांडव घालून. नवरीला पांढरी साडी नेसायची होती. भारती म्हणाली, "मम्मी, बाजारची जरीची किनार नको. तू आन् काकू लेस करा. रेशमाची."

रेशमाची म्हटल्यावर भागिरथीला आनंदही झाला आणि धडकीही भरली. सुती दोरा गरीब असतो, जिथं ठेवाल तिथं राहतो. रेशीम तसं नाही. ते निसटतं. गाठ मारली तर गाठ सैल होते, आत ओवलं तर धुण्यात बाहेर येतं. शिवाय भांडी घासून खरबरीत झालेल्या बोटांना ते अडकतं. साखर आणि गोडं तेल तळहातावर चोळून हात मऊ करावे तेव्हा कुठं दोरा हाताला धरू देतो. तरी तिनं होकार दिला. सहादेव येवल्याला जाऊन ओळखीच्या विणकराकडून पांढऱ्या रेशमाच्या लडी घेऊन आला. आणताना त्यानं निरोपही आणला की ह्याच रंगाचं पुन्हा मिळणार नाही, पुढच्या घाण्यातलं पांढरं वेगळं निघेल.

कामाची वाटणी झाली. वृषालीनं फुलं विणायची, शेवटच्या ओळीत एकमेकांना जोडत न्यायची. टोकं भागिरथीनं मुरवायची. साडीच्या संपूर्ण काठाला आणि पदराला लेस.

"आत खोचायच्या भागालाबी?" वृषालीनं विचारलं. "त्यो कुनाला दिसतोय?"

"मला दिसतोय," भागिरथी म्हणाली.

दोन महिने घरात तेच चाललं. भागिरथी बोथट सुईत टोक ओवायची. उलट बाजूनं खांबांच्या पोटातून एकीकडे न्यायची, शेवटचा धागा सोडून उलट फिरवायची, येताना दोऱ्याच्या पिळाच्या मधून सुई काढायची, म्हणजे रेशीम रेशमालाच धरून बसतं. तरी लगेच कापायचं नाही. ओलं फडकं टाकून मागून इस्त्री फिरवायची, रात्रभर राहू द्यायचं, मग उरलेलं टोक छाटायचं. रेशीम इस्त्रीनं सैलावतं, आधी छाटलं की टोक वर डोकावतं. एवढं सगळं एका टोकाला. आणि वृषालीची फुलं तर टोपलीत पावसासारखी पडत होती, प्रत्येकाची शेपटी पेराएवढी.

"हे बघ! हे बघ!" भागिरथी फूल नाचवायची. "ह्याला सुई कशी लावू? दातानं लावू?"

"अवं ताई, तुमच्या हातानं बसतंय की. तुमाला जमतंय."

हे 'तुमाला जमतंय' ऐकलं की भागिरथीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. साळूबाई कोपऱ्यातून म्हणायची, "भागे, एवढी चिडतीस तर सोड ना. टोकं लोंबली तर काय लग्न मोडतंय व्हय?" त्यावर भागिरथी सुई जरा जोरात खुपसायची.

लग्न पंधरवड्यावर आलं. माहेरी आमंत्रण द्यायला स्वतः जायला हवं होतं. पदराच्या लेसेतल्या मधल्या फुलांची टोकं तेवढी राहिली होती. भागिरथीनं ती लेस धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून ट्रंकेवर ठेवली आणि वृषालीला बजावलं, "मी येईस्तोवर हिला हात लावायचा न्हाई. तू तर न्हाईच न्हाई."

वृषालीनं अभ्र्याकडे नुसतं बघितलं.

भागिरथी नगरला दोन रात्री राहून तिसऱ्या दिवशी दुपारी परत आली. आत पाऊल टाकलं तोच नाकाला वास आला. केस जळल्याचा. तिला आधी वाटलं, भारतीची वेणी चुलीवर गेली की काय. भारती तर ओसरीत अंगठा चोखत झोपलेल्या शेजारच्या पोरीला वारा घालत बसली होती आणि आईकडे बघायचं टाळत होती.

भागिरथीनं पिशवी तिथंच टाकली आणि अभ्रा उघडला.

पदराच्या अगदी मधली पाच-सहा फुलं. प्रत्येकावर एकेक काळा मणी, मोहरीएवढा. बोट लावलं तर त्याची राख झाली, आणि खाली फुलाच्या पाकळीत भोक. एक-दोन ठिकाणी कुणीतरी साबणानं चोळलं होतं, तिथं पांढऱ्यावर चहाचा डाग पडावा तसा तांबूस रंग पसरला होता.

"वृषाली!"

वृषाली आतून आली. पदराला हात पुसत उभी राहिली. तिनं लपवाछपवी केली नाही. "ताई, मी उदबत्तीनं टोकं डागली. वायरच्या पिशव्या करतो तवा शेवटाला डागतो की आपन. वायर वितळून चिकटती. म्या म्हनलं हेबी चिकटंल. तुमचं तेवढंच काम हलकं हुईल."

"अगं, वायर प्लास्टिकची! हे रेशीम हाय, किड्याचं! केस जाळून चिकटतो का कवा?" भागिरथीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. "तुला सांगितलं हुतं का न्हाई, हात लावू नको म्हनून? शेवट करायची अक्कल तुझ्या हातात कवा हुती, जी आज येनार हुती?"

आता वृषालीचा चेहरा बदलला. ती हसरी बाई, तिला कधी कुणी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"शिकवली कवा तुमी?" ती म्हणाली. "साखळी शिकवली, खांब शिकवले. टोकाची बारी आली की 'दे हिकडं, तुला जमायचं न्हाई' म्हनून हातातून वढून घेतलं. माझ्याच न्हाई, साऱ्या गल्लीच्या हातातून. आन् मग आमच्याच नावानं खडे फोडायचे. मी वीतभर टोक कशाला ठिवू? ते माझं हायच कुठं?"

साळूबाईनं जपमाळेसारखी हातातली सुपारीच फिरवत ठेवली. भागिरथी आणखी चिडली, आत गेली आणि मोरीवरची घासलेली भांडी पुन्हा घासू लागली.

संध्याकाळी आसाराम ड्युटीवरून आला. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं लेस उजेडात धरून नीट बघितली. "तेवढीच फुलं बदल की. गाडीचा एक पार्ट गेला तर सगळी गाडी भंगारात टाकतो का आपन?"

"पार्ट आनू कुठून? दोरा संपलाय. त्या पांढऱ्याचं दुसरं मिळत न्हाई."

"दुसऱ्या गाडीचा काढायचा."

हे तो सहज बोलला आणि हातपाय धुवायला गेला. भागिरथी मात्र तशीच बसून राहिली. दुसऱ्या गाडीचा. काठाच्या लेसेत आत खोचायचा भाग होताच. तो कंबरेशी गडप होणारा, ज्यासाठी ती वृषालीशी भांडली होती. तिथली फुलं सोडवून पदरात आणता येतील. लेस अजून साडीला टाचली नव्हती, हे एक बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात, उजेडाला बसली. फूल सोडवायचं तर त्याची शेवटची ओळ उसवायची, म्हणजे जोड मोकळा होतो. शेवटची ओळ उसवायची तर शेवटचं टोक सापडायला हवं. आणि टोक सापडेना. तिनं फूल पालथं केलं, ताणलं, डोळ्याशी नेलं. कुठं आहे? इकडून आत गेलं असावं, की तिकडून? तिनं ते असं मुरवलं होतं की तिलाच पत्ता लागत नव्हता. सुईचं टोक घालून एक धागा उचलला तर तो भलताच निघाला आणि पाकळी आक्रसली. दुसरा उचलला, तोही नाही.

"मेलीनं कसं बसवलंय!" ती स्वतःलाच म्हणाली. "कुनाचा हात हाय हा! मानूस हाय का कोन!"

भारतीला हसू आवरेना. भागिरथीनं तिच्याकडे असं बघितलं की ती उठून पाणी भरायला गेली. दुपार व्हायला आली तरी एकही फूल सुटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ताणाचं की रागाचं तिचं तिलाच कळत नव्हतं.

वृषाली दळण घेऊन आली. उंबऱ्यात थबकली. कालपासून दोघींत शब्द नव्हता. तिनं पिठाचा डबा ठेवला, हात धुतले, साखर-तेल चोळलं आणि समोर येऊन बसली. "द्या."

भागिरथीनं दिलं. 'दे हिकडं' म्हणायची सवय असलेल्या बाईला 'घे' म्हणणं जड गेलं.

वृषालीनं फूल पालथं केलं नाही. सुलट बाजूनंच अंगठ्यानं हळूहळू चाचपलं. "हितं दोन खांब जाड हायती," ती म्हणाली. "तीन धागे एका जागी. म्हंजी टोक हितनं गेलंय." तिनं सुई घातली, अलगद हलवली, आणि केसाएवढं टोक वर आलं. मग तिनं ते उसवलं, सर्रकन, जसं ती विणायची तसंच. आयुष्यभर मनाजोगं आलं नाही की उसवून नवं करायचं, हीच तिची रीत. उसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"बोटाला कळतं. तुमी डोळ्यानं हुडकत हुता."

तिसऱ्या प्रहरापर्यंत फुलं मोकळी झाली. जळकी काढली, वृषालीनं सोडवलेली त्यांच्या जागी जोडली. आणि आता पुन्हा टोकं आली. भागिरथीचा हात आपसूक पुढं झाला. तो तिनं मागं घेतला. मांडीखाली दाबला म्हटलं तरी चालेल.

"तू कर," ती म्हणाली. "मी सांगते."

त्यानंतरचे तास भागिरथीच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड. सुई उजवीकडे न्यायला हवी तिथं वृषाली डावीकडे न्यायची. पिळाच्या मधून काढायला हवी तिथं शेजारून काढायची. "अगं, तसं न्हाई! मधून, मधून! पोटातनं!" भागिरथी ओरडायची, पुढं झुकायची, परत मागं सरायची. "थांब, ओढू नको, आक्रसतंय. अगं ढिलं सोड. एवढंबी ढिलं न्हाई गं बाई!" वृषालीनं एकदा सुई ठेवून दिली. "ताई, तुमी तिकडं तोंड करून बसता का?" भागिरथीनं खरंच भिंतीकडे तोंड केलं. मागून साळूबाई सांगत होती, "आता सुई लावली. आता ओवलं. आता बरं दिसतंय." जसं काही कुस्तीच चालली होती.

पहिलं टोक इस्त्री फिरवताच वर आलं. दुसरंही. तिसरं राहिलं. भागिरथीनं ते नखानं खरवडून बघितलं, ओढून बघितलं. राहिलं होतं. मागची बाजू जरा ओबडधोबड होती. ती तसं म्हणणार होती. ओठांपर्यंत आलं होतं.

"टिकंल," एवढंच म्हणाली.

लग्नाच्या दिवशी भारती विहारासमोरच्या मांडवात आली, तेव्हा बायका पदराकडे बघत राहिल्या. त्रिशरण सुरू झालं. सगळे हात जोडून उभे. भागिरथीही उभी होती, पण नजर पदरावर. आणि तिला दिसलं, उजव्या कोपऱ्यात एक टोक बाहेर डोकावतंय. बारीक, पांढरं, उन्हात चमकणारं. शेजारी काष्टीची कुणी पाहुणी उभी होती, तिच्या बोटांचा चिमटा तिकडे निघालाच होता. लोंबता दोरा दिसला की ओढायचा, ही बायकांची जात! भागिरथीनं जोडलेल्या हातांनीच त्या बाईच्या मनगटावर हलकी चापट मारली. ती बाई दचकली. भागिरथी डोळे मिटून पंचशील म्हणत राहिली.

ते टोक कुणाचं होतं, हे नंतर दोघींनी बघितलं. कोपऱ्यातलं फूल जुन्यातलं, भागिरथीच्या हातचं निघालं. वृषालीनं सुई काढली, टोक आत ओवलं, पिळाच्या मधून. भागिरथीनं उजेड अडू नये म्हणून बाजूला सरकून दिलं आणि "घाई करू नको," म्हणाली. तेही जरा चिडूनच.

निघायची वेळ झाली. वऱ्हाडाचा टेम्पो भरला, नवरा-नवरीसाठी आणलेली जीप धूळ उडवत उभी राहिली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. साळूबाई मोठ्यानं रडत होती. भागिरथी भारतीचा हात धरून सांगत होती, "रिठ्याच्या पान्यात धू. सोडा लावू नको. उन्हात टाकू नको, सावलीला टाक. इस्त्री मागनं, फडकं ओलं करून. आन् टोक दिसलं तर कापू नको, ओढू नको, तशीच हिकडं घिऊन ये."

"व्हय मम्मी."

"व्हय व्हय म्हनतीस, ध्यानात राहील का? तुझ्या काकूवर गेलीस तू."

"आई, मी धुईन की," जावई जीपमधून म्हणाला. प्रशांतला बोलायची फारशी सवय दिसत नव्हती, त्याचे कान लाल झाले होते.

भागिरथीनं त्याच्याकडे दिवसभरात पहिल्यांदाच नीट बघितलं. "पिळायची न्हाई हां."

"न्हाई पिळनार."

"नुसती दाबून पानी काढायचं."

"दाबून काढीन."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. जीप हलली तशी भागिरथी दोन पावलं तिच्या मागं मागं गेली, हातानं दाबून दाखवत, असं, असं. मग जीप नगर रस्त्याला लागली. तेव्हा कुठं ती रडली, आणि वृषालीनं तिला धरून घरात नेलं.